उजव्या हाताची रिकामी जागा

"ए लंबू! पाय तुझाच हाय का भाड्यानं आणलाय? आन् तू रं चष्मेवाल्या, हात हालव की! मयताला चालला का? डावा! डावा! डावा म्हन्लं की डावा उचलायचा, घरी आयला इचारून येतो का काय मधीच?"

शाळेच्या मैदानावरचं हे ओरडणं गुलमंडीपर्यंत जायचं. तिथं कापड मोजणाऱ्या एका शेटजींचा हात ह्या आवाजाच्या ठेक्यावर पडायला लागला आणि गिऱ्हाइकाला दर सदऱ्यामागं वीतभर कापड जास्त मिळू लागलं. शेवटी शेटजी तक्रार घेऊन शाळेत आले, तर मैदान ओलांडताना त्यांचेही पाय डावा-उजवा पडायला लागले आणि ते तसेच मागच्या फाटकातून बाहेर गेले. खोटं वाटत असेल तर गुलमंडीवर जाऊन विचारा. शेटजी आता नाहीत, दुकानही नाही, पण विचारायला काय जातंय?

तर हे आमचे ठुबे सर. कवायतीचे मास्तर. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि सर गंगापूर तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावाहून येऊन इथं स्थायिक झालेले. घरी शेती, कापूस, थोडा ऊस. पण ह्यांना लहानपणापासून कवायतीचं वेड. अंगानं इतके बारीक की छत्री उघडली तर सावली फक्त छत्रीचीच पडायची. एवढा आवाज त्या देहात कुठं मावत होता, हे आमच्या विज्ञानाच्या सरांनाही निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही. मी इतिहास शिकवायचो, म्हणजे पगारी थापा मारायचो. त्यामुळं सर मला नावानं कधीच हाक मारत नसत. "ओ इतिहास, चहा घेता का?" असं चालायचं.

सरांच्या तीन गोष्टी साऱ्या शाळेला पाठ होत्या.

पहिली म्हणजे कपडे. जिल्ह्यातले सगळे कवायत मास्तर खाकी घालत, आमचे नखशिखांत पांढरे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खडूची पूड लावलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. आमच्या पथकातली मुलंही पांढऱ्यातच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ठुबे, तुम्हाला खाकीचं वावडं आहे का?"

"चावती साहेब," सर म्हणाले.

"चावते म्हणजे?"

"अंगाला चावती."

साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे.

दुसरी गोष्ट अशी की सर 'सावधान' म्हणत, 'तेज चल' म्हणत, 'थम' म्हणत, पण 'विश्राम' कधीच म्हणत नसत. कवायत संपली की "बसा रे" किंवा "चला, पळा घरी" असं साध्या बोलीत सांगायचे. त्याच तपासणीत साहेब म्हणाले, "मुलं दमलीत, विश्राम द्या आता." सरांनी ऐकलं, तोंड पुसलं आणि चालत मैदानाबाहेर गेले. मुलं सावधानमध्येच! साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी आपला पुढं झालो आणि पानिपतावर शिकवताना काढतो तसा आवाज काढून "विश्राऽऽम!" म्हणालो. निम्मी मुलं बसली आणि उरलेली आडवी झाली. एकानं तर डबा उघडला. त्यांनी तो हुकूम जन्मात ऐकलेलाच नव्हता.

तिसरी गोष्ट म्हणजे ती जागा.

दर वर्षी सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, मोठ्या मैदानावर परेड व्हायची. निजामाचं राज्य गेलं, भारताची फौज आली, आम्ही मोकळे झालो, तो दिवस. पुस्तकात पोलीस ॲक्शन अर्ध्या पानात आटोपलेली आहे. मी ती आठवडाभर शिकवायचो आणि माझ्या वर्गात रणगाडे पुस्तकातल्यापेक्षा चौपट असायचे. परेडला पुढं पोलीस, त्यांचा बँड, मग होमगार्ड, मग शाळांची पथकं. उजव्या हाताला मंडप, मंडपात पाहुणे, आणि पाहुण्यांच्या शेजारी टोप्या घातलेले स्वातंत्र्यसैनिक. मंडपापुढं आलं की हुकूम व्हायचा, "दाहिने देख!" की झाडून सगळ्या माना उजवीकडं. फक्त पहिल्या ओळीतला उजव्या टोकाचा गडी मान वळवत नाही. तो समोर बघतो. रांग त्याच्याकडं बघून सरळ राहते.

आमच्या पथकात नेमकी तीच जागा रिकामी असायची.

म्हणजे मुलं कमी होती म्हणून नव्हे. मुलं पुरून उरायची, पाच-दहा तर रडत घरी जायची. पण ती एक जागा सर भरत नसत. आणि गंमत अशी की त्या रिकाम्या जागेकडं बघून आमची रांग सुतासारखी सरळ चालायची. सर तसंच शिकवायचे, "उजवीकडं बघून धरा रं! तिकडं मानूस हाय असं समजून धरा!" परीक्षक मात्र त्या भोकापायी गुण कापत, आणि ढाल दर वर्षी दुसऱ्याच शाळेला जाई. शिक्षकांच्या खोलीत त्या जागेवर पुष्कळ संशोधन झालं. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे सरांना मोजता येत नाही. मी मुलांना सांगून ठेवलं होतं की तिथं मलिक अंबराच्या फौजेतला एक बिनमुंडक्याचा शिपाई चालतो आणि त्याला ज्याचा धक्का लागेल तो इतिहासात नापास होतो. त्यामुळं निदान शेजारचा मुलगा तरी अंतर सोडून चालायचा.

मंडपात टोपीवाल्यांच्या रांगेत सरांचे सख्खे चुलते बसायचे. त्यांना सगळे तात्या म्हणत. उंच, हाडापेरानं मोठे, एका पायानं लंगडे. तो पाय रझाकारांनी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, फोडला होता. हे शंभर टक्के खरं आहे. यात माझी फोडणी नाही. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूनं गावोगाव फिरणाऱ्या हत्यारी टोळ्या. त्यांनी तात्यांची कडब्याची गंज जाळली, बैल नेले, पाय मोडला, आणि तात्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या सरांच्या वडिलांना, मारून टाकलं. तात्यांना दर वर्षी शाल मिळायची. ती मिळायलाच हवी होती, आणि ह्यावर शहरात कुणाचं दुमत नव्हतं, सरांचं तर नव्हतंच.

पण मी एक पाहून ठेवलं होतं. इतर शाळांची पथकं जाताना तात्या ताठ बसून सलामी घ्यायचे. आमचं पथक आलं की कधी त्यांची काठी खाली पडायची, कधी चष्म्यावर धूळ बसायची, कधी वहाणेत खडा जायचा. पथक पुढं गेलं की खडा निघायचा.

एकदा सरांची आई आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. गंगापूरच्या पुढं जीपनं जावं लागायचं. त्या जीपमध्ये इतकी माणसं होती की ड्रायव्हर टपावर बसून काठीनं ब्रेक दाबत होता. मी असलं काही बोललो की सर हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. गाव जवळ आलं तसे ते सडकेच्या कडेला एका जागेकडं बघत राहिले. तिथं बाभळी होत्या, दुसरं काही नव्हतं.

आजीबाई ओसरीवर पडून होत्या. सर औषध आणायला गेले तशा त्या उठून बसल्या.

"तुम्ही शाळंत काय शिकविता?"

"इतिहास."

"मंग सांगा की ह्याला, सोड म्हनावं तो इतिहास. पन्नाशी उलटली, आजून तसाच हुबा हाय."

"कुठं उभे आहेत?"

"सडकंला." त्यांनी बाभळींकडं हात केला. मग सांगायला लागल्या. मी जन्मभर गोष्टी फुगवून सांगितल्या; ही एक आहे तशी सांगतो.

"ह्याच्या बापाला रझाकारांनी येहिरीवर मारलं. पोळ्याच्या आगंमागं. मी बाई मानूस, पोरगं कुठं ठिवू? तवा सत्तार मास्तरनं नेलं ह्याला. गावच्या शाळंचा मास्तर. पोरांची कवायत घ्यायचा. त्यानं आपल्या घरात, ज्वारीच्या कणगीत बशिवला ह्याला. रझाकार त्याच्या दारात येऊन इचारून गेले, म्हनला, कोई नहीं जी, अनाज है. मंग फौज आली. नगरच्या अंगानं, गोदावरीचा पूल वलांडून. गाव नाचाया लागलं. मास्तरनं पोरं गोळा केली, म्हनला, फौज येती, सलामी द्यायची. पेटीतली कवायतीची खाकी काढली. तांब्यात इंगळ घालून इस्तरी केली, मी बघितली. सडकंला पोरं एका रांगंत हुबी केली आन् आपन उजव्या हाताला, पहिल्या नंबरला हुबा ऱ्हायला. सावधान म्हनला."

त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या नाहीत.

"खाकी बगितली की रझाकार, असं झालं व्हतं तवा गावाचं. पर वळखत नव्हते असं म्हनू नका हो. समद्यांच्या पोरान्ला त्यानंच अक्षर शिकिवलेलं. त्या दिशी लोकान्ला कुनी तरी पायजे व्हतं, अन् खरे रझाकार तर कवाच पळाले व्हते. तात्या म्होरं व्हते. भावाचं रगत डोळ्यात, दुसरं काय. रांगंतून वढून न्हेला त्याला, त्या बाभळीखाली. फौज दुपारी आली, तवर झालं व्हतं."

"आणि मुलं?"

"पोरं तशीच हुबी. हलायचं नाय म्हनलेला ना मास्तर. इश्राम कोन म्हननार? दिस कलला तवा मी जाऊन ह्याला उचलून आनला. गुडघं वाकंनात पोराचं."

मास्तरची बायको लेकरं घेऊन हैदराबादच्या बाजूला गेली, पुन्हा आली नाही. वेशीतल्या दगडावर सरांच्या वडिलांचं नाव आहे. "आमच्या मान्साचं नाव लिवलं, ब्येस झालं," आजीबाई म्हणाल्या. "मास्तरचं कुनी घ्येत नाय. घेतलं तर तात्याच्या शालीचं काय व्हईल? म्हून गाव म्हनतं, पळून गेला. ह्याला दुसरं काय नको बगा. ना फाशी, ना पंचायत. एकदा तात्यानं म्हनावं."

"काय म्हणावं?"

"व्हय म्हनावं. त्यो व्हता म्हनावं."

सर औषध घेऊन आले. परतीच्या वाटेत मी खूप बोललो, जीपबद्दल, उसाबद्दल, हेडमास्तरांच्या टोपाबद्दल. ते एवढंच म्हणाले, "मायनं सांगितलं वाटतं." मी मान हलवली. "ओ इतिहास, तुमच्या पुस्तकात बसंल का हे?" मी म्हणालो, सर, अर्धंच पान आहे हो. "मंग राहू द्या," ते म्हणाले.

सर निवृत्त व्हायचे त्या वर्षी परेडला मंत्री येणार होते. हेडमास्तर पाठकांना ढाल हवी होती; ती ठेवायला त्यांनी काचेचं कपाटसुद्धा करून घेतलं होतं. त्यांनी सरांना बोलावलं. मीही तिथंच होतो, कारण पाठकांच्या खोलीत पंखा होता.

"ठुबे, यंदा ती भानगड नको."

"कोनती सर?"

"ते भोक हो! इतकी वर्षं मी बोललो नाही. यंदा मंत्री आहेत. ती जागा भरली पाहिजे."

मला वाटलं, आता छप्पर उडणार. सर खाली बघत उभे राहिले. मग म्हणाले, "भरतो."

"नक्की?"

"शेवटची परेड हाय सर. भरतो."

पाठक इतके खूष झाले की त्यांनी आम्हा दोघांना चहा पाजला; ही घटना शाळेच्या शतकी इतिहासात एकमेव. मला मात्र तो चहा गेला नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुणाला उभं करणार?" सर म्हणाले, "बघू. उंची जमली पायजे."

निवृत्तीनंतर सर पडेगावला दोन खोल्या बांधून राहायला गेले, कुणात फारसे मिसळले नाहीत आणि तिथंच वारले. मी जायचो अधूनमधून. सर दाराशी खुर्ची टाकून दौलताबादच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत बसलेले असायचे, आणि आवाज इतका खाली गेला होता की मला जवळ सरकावं लागे. पण मैदानावर त्यांना मी शेवटचं पाहिलं ते ह्या परेडला.

त्या दिवशी पहाटेपासून आभाळ गच्च होतं. सूर्य उगवला की नाही, हे कळायला पंचांग बघावं लागलं असतं. बारीक भुरभुर होती, बँडवाल्यांचे ढोल भिजून खोकत होते आणि मंत्र्यांवर धरलेल्या छत्रीतून स्वागताध्यक्षांच्या मानेत धार लागली होती. आमचं पथक पांढऱ्या कपड्यांत उभं होतं. उजव्या हाताची जागा रिकामीच. पाठक घामाघूम. "अहो, कुठायत ठुबे? कुठंय तो मुलगा?"

तेवढ्यात सर आले.

खाकीत होते. खाकी हाफपँट, खाकी सदरा, कोपरावर दुमडलेल्या बाह्या, गळ्यात शिट्टी. इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं. इतकी वर्षं पांढऱ्यात पाहिलेला माणूस. मुलांनी तर ओळखलंच नाही. सर चालत आले आणि पहिल्या ओळीत उजव्या टोकाला, त्या जागेत जाऊन उभे राहिले. जागा त्यांच्या मापाचीच होती.

"अहो ठुबे! शिक्षक चालत नसतात! बाहेर या!" पाठक दबक्या आवाजात किंचाळले. पण बँड सुरू झाला होता, पुढच्या मुलानं "तेज चल" म्हटलं होतं, आणि पथक निघालं.

मी मंडपाच्या कडेला, तात्यांपासून दोन हातांवर उभा होतो. पोलीस गेले, होमगार्ड गेले. मग आमची पांढरी रांग आणि तिच्या टोकाला तो एक खाकी माणूस. तात्यांची काठी पडली नाही. चष्मा नाकावर होता. वहाणेत खडा गेला नाही.

"दाहिने देख!"

झाडून सगळ्या माना वळल्या. उजव्या टोकाच्या गड्यानं समोर बघायचं असतं. सरांनी हा नियम हजारो मुलांना शिकवला, कित्येकांचे कान ह्यावरून पिळले. त्या दिवशी त्यांनी मान वळवली. सरळ तात्यांकडं. आमची सुतासारखी रांग पहिल्यांदा वाकडी झाली, दोन पोरं एकमेकांवर आदळली, तरी सर बघतच होते.

तात्या उठले. काठीशिवाय, त्या मोडक्या पायावर. शेजारचे टोपीवाले त्यांना बघून उठले, ते उठले म्हणून मंत्री उठले, मंत्री उठले म्हणून अख्खा मंडप उठला आणि टाळ्या वाजायला लागल्या. एवढ्या वाकड्या रांगेला एवढा मान जगात कुठं मिळाला नसेल. ढाल अर्थातच गेली. पाठकांनी त्या कपाटात पुढं खडूचे खोके ठेवले.

परेड संपली. मुलांना कुणी तरी पळा म्हणालं, मुलं पळाली. मंडपात चहा फिरत होता. तात्या मांडीवर शाल-नारळ घेऊन बसले होते, पायापाशी चिखल. सर आले. खाकी भिजून अंगाला चिकटली होती. त्यांनी वाकून तात्यांच्या पायाला हात लावला आणि तिथंच उकिडवे बसले. मी कप हातात धरून उभा होतो. जायला हवं होतं, गेलो नाही.

"तात्या," सर म्हणाले. त्या आवाजानं गुलमंडीवरचं चिटपाखरूही हललं नसतं. "उजव्या हाताला कोन व्हतं, बगितलं ना?"

तात्या त्या सदऱ्याकडं बघत राहिले. हात पुढं केला, सरांच्या खांद्यावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं, कितीतरी वेळ पुसत होते. मंडपाच्या कापडावरून थेंब गळत होते. सर वाट बघत होते. मग तात्यांनी हात मागं घेतला, नारळ नीट धरला.

"ऊन लई व्हतं डोळ्यावर," तात्या म्हणाले. "काय दिसलं नाय."